साडूंची उघडी चूल

झाकण लावलेल्या कुठल्याही वस्तूवर विश्वास न ठेवणारा माणूस उभ्या पुणे जिल्ह्यात एकच आहे, आणि माझं नशीब असं की तो माझा साडू आहे. प्रेशर कुकर, टीव्ही, औषधाची कॅप्सूल, बंद पाकिटातला आहेर, काचा वर केलेली मोटार, ओठ मिटून हसणारा पुढारी, यांतलं काहीही आत काय आहे ते बघितल्याशिवाय साडूंच्या मनाला पटत नाही. डॉक्टरांनी दिलेली कॅप्सूल ते आधी बशीत उघडतात, आतली पूड बोटाने पसरून बघतात आणि पुन्हा भरून मग गिळतात. त्यातलं त्यांना काही कळतं का? मुळीच नाही. पण बघितलं एवढ्यानेच त्यांचा निम्मा ताप उतरतो. पुतण्यासाठी मुलगी बघायला गेले होते, तेव्हा पोह्यांची बशी हातात यायच्या आत ते थेट त्या लोकांच्या स्वयंपाकघरात जाऊन उभे राहिले आणि मुलीच्या आईला म्हणाले, "काय न्हाई ओ, चालू द्या तुमचं. पोहं करताना बघावं म्हनलं." सोयरीक जमली. सासरच्या माणसांशी आपली पहिली ओळख फोडणीच्या धुरात झाली, असं ती सून अजून हसत सांगते.

माझा जुन्नरला फोटो स्टुडिओ आहे. अर्ध्या तालुक्याच्या लग्नांचे फोटो मी काढलेत, आणि माझ्या स्वतःच्या लग्नाचा एकही फोटो माझ्याकडे नाही. त्याचं श्रेय साडूंना. तेव्हा कॅमेऱ्यात रोल घालायचे दिवस होते. फोटो काढणारा माझा मित्र कॅमेरा खुर्चीवर ठेवून जिलेबी खायला गेला, आणि माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान, म्हणजे हेच गृहस्थ, त्या खुर्चीजवळ आले. आत फोटो कसे बसतात ते बघायला त्यांनी कॅमेऱ्याची पाठ उघडली. रोलला उजेड लागला. अक्षता, सप्तपदी, रुसलेली आत्या, सगळं जागच्या जागी धुतलं गेलं. मी पुढे बरेच दिवस त्यांच्याशी बोलत नव्हतो. मग एके दिवशी ते एस.टी.ने जुन्नरला आले आणि स्टुडिओच्या काउंटरवर त्यांनी मासवडीचा डबा ठेवला, अर्थात झाकण काढून. त्यांच्या हातची मासवडी खाल्ल्यावर राग धरून बसणं कोणालाही जमणार नाही.

मासवडी म्हणजे नावापुरता मासा. शिजवलेल्या बेसनाच्या पिठात तीळ, खोबरं, कांदा, लसणाचं सारण भरायचं, वड्या कापायच्या आणि झणझणीत आमटीबरोबर खायच्या. साडूंचं हॉटेल शिनोलीला, घोडेगावहून भीमाशंकरला जाणाऱ्या रस्त्यावर. बाकीच्या हॉटेलांत गिऱ्हाईक पुढे बसतं आणि स्वयंपाक मागे होतो. साडूंकडे चूल रस्त्यावर आणि गिऱ्हाईक मागे अंधारात. देवाला जाणारा माणूस गाडीतून उतरला की आधी त्याला परात दिसते, लाटणारे हात दिसतात, मसाला दिसतो. तेवढ्याने भागलं नाही म्हणून साडूंनी आमटीच्या मसाल्याची कृती पेंटरकडून भिंतीवर रंगवून घेतली, धने किती, लवंग किती, खोबरं कसं भाजायचं, सगळं. ताईंनी, म्हणजे माझ्या मेहुणीने, कपाळाला हात लावला. झालंही तसंच. समोरच्या हॉटेलवाल्याने रस्त्याच्या पलीकडून वाचून तोच मसाला सुरू केला. साडू खूश. "आता दोन ठिकानी चांगली आमटी मिळती," म्हणाले. पुढे घाटघरची एक म्हातारी देवदर्शनाहून परतताना जेवायला थांबली, तिने नातीकडून भिंत वाचून घेतली आणि चारचौघांत सांगितलं, "लवंग लई झाली रं बाबा. जीभ बधिर व्हती." साडूंनी दुसऱ्या दिवशी करून बघितली, पेंटरला बोलावून आकडा बदलला आणि वर समोरच्या हॉटेलात जाऊन ती चूक कळवून आले. आणि त्यांचं हर्नियाचं ऑपरेशन झालं, हॉटेल बंद राहिलं, तेव्हा त्यांची ठरलेली गिऱ्हाइकं समोर तीच आमटी खात होती. दवाखान्यातल्या कॉटवर पडून साडू समाधानाने म्हणत होते, "मी पडलो तरी आमटी चालू हाय."

अशा माणसाच्या पोटी सायली जन्माला आली. एकुलती एक लेक. तिला चित्रांचं वेड. भीमाशंकरच्या रानातलं शेकरू तिने इतकं जिवंत काढलं की इंटरनेटवर ते बघून परदेशातल्या मोबाइलवरचे खेळ बनवणाऱ्या काही मंडळींनी तिला काम दिलं. झाडं, खारी, वेली, पाखरं काढायची आणि पाठवायची. मोबदला मात्र ते क्रिप्टोत, म्हणजे इंटरनेटवरच्या चलनात देणार. शिनोलीच्या खोलीत बसून सायली चित्रं काढू लागली आणि ती कमाई मोबाइलवरच्या एका पाकिटात, म्हणजे तसल्या ॲपमध्ये, पडू लागली. त्यावरचा कर ती नेमाने भरायची, कारण न भरता साडूंनी तिला उंबऱ्याच्या आत घेतलं नसतं. त्या कमाईतून तिला परदेशातल्या चित्रकलेच्या शाळेत जायचं होतं. मनात दुसरं काही नव्हतं.

ते पहिलं पाकीट गुलाबी रंगाचं आणि मोठं देखणं होतं. साडूंनी मोबाइल हातात घेऊन उलटा केला, सुलटा केला आणि विचारलं, "हेचं झाकन कुठनं उघडतं?"

"उघडत नाही, आण्णा. आतलं कंपनीलाच माहीत असतं."

झालं. साडूंनी जेवताना, झोपताना, गिऱ्हाइकाला आमटी वाढताना एकच धोशा लावला. शेवटी सायलीने कंटाळून दुसरं पाकीट शोधलं. त्याचं सगळं आतलं लिखाण, म्हणजे मोबाइलने काय काय करायचं याच्या सूचना, कोणीही ओळ न ओळ वाचावं म्हणून उघडं ठेवलेलं होतं. मी त्या दिवशी शिनोलीत होतो. साडूंनी अंघोळ करून, चष्मा पुसून, लॅपटॉपपुढे मांडी घातली आणि दुपारभर ते लिखाण पोथीसारखं खाली खाली सरकवत बसले. मी विचारलं, काय कळलं?

"आक्षर कळलं न्हाई, पावणं."

"मग उपयोग काय?"

"आवो, माझ्या आमटीत काय पडतंय ते तुमाला तरी कुठं कळतंय? पन चूल रस्त्यावर हाय. ज्याला कळतंय तो जाता जाता बघतोय. धा जन बघत्यात म्हनल्यावर माझा हात वाकडा जात न्हाई."

क्रिप्टोबद्दल मी पुढे पुष्कळ भाषणं ऐकली, पण माझ्या डोक्यात उजेड पडला तो एवढ्यानेच. त्या पाकिटाची एकेक तऱ्हा साडूंना आपल्या हॉटेलसारखी वाटे. एकदा तिकडच्या कोणीतरी त्यातली एक चूक शोधून काढली, ती दुरुस्त झाली, आणि चूक काय होती ते बनवणाऱ्यांनी स्वतःच जाहीर लिहून टाकलं. साडूंनी ती बातमी सायलीकडून परत परत वाचून घेतली. "चुकलो म्हनून बोर्ड लावलाय त्यांनी! असं एक हापिस दाखवा मला आपल्याकडं." काही महिन्यांनी ते गुलाबी पाकीट एका सकाळी बंद पडलं. कोणी फोन उचलेना, आत काय बिघडलंय ते बाहेरच्या कोणाला बघता येईना, आणि सायलीच्या दोन मैत्रिणींची कमाई त्यात अडकून बसली. दुसरा कोणी असता तर मी सांगत नव्हतो का म्हणून मिरवला असता. साडूंनी त्या दोघी पोरींना बोलावून पोटभर जेवू घातलं, आणि त्या गेल्यावर हळूच लेकीला विचारलं, "आन तुझं हे उघडं पाकीट बंद पडलं तर गं?"

सायलीने समजावलं. पाकीट बनवताना बारा इंग्रजी शब्द मिळतात. ते आपल्याजवळ असले की मोबाइल हरवो, पाकीट बनवणारे पळून जावोत, तेच शब्द दुसऱ्या पाकिटात घातले तर आपले पैसे तिथे हजर. शिवाय लिखाण उघडं असल्यामुळे हेच पाकीट दुसरं कोणीही उचलून पुढे चालवू शकतं.

"म्हंजे माझ्या हर्नियासारखं!" साडू म्हणाले, आणि त्यांची शंका कायमची मिटली.

त्यानंतर साडूंनी त्या पाकिटाला आपलंच मानलं. सायलीने त्याची भाषा बदलून मराठी करून दिली, तर त्यातली मराठी वाचून ते हैराण झाले. पैसे पाठवताना पडद्यावर येई, 'कृपया प्राप्तकर्त्याचा पत्ता सत्यापित करा. हा व्यवहार अपरिवर्तनीय आहे.' साडू म्हणाले, "ह्ये कुनाला सांगत्यात?" सायली म्हणाली, सगळं उघडं आहे ना, मग तुम्हीच सुधारून पाठवा. बस्स. साडू बिलांच्या पाठीवर मराठी लिहू लागले आणि सायली ती पाठवू लागली. त्या वाक्याच्या जागी त्यांनी लिहिलं होतं, 'थांबा राव. पत्ता परत एकदा बघा. गेलेलं माघारी येत नाय.' ही मराठी तपासणारा विदर्भातला कोणी सज्जन होता. त्याने बाकी सगळं ठेवलं आणि 'राव' तेवढं काढलं. साडूंनी जेवण सोडलं नाही, पण चवीने जेवणं सोडलं. मीही त्यांना म्हणालो की पैशाच्या कामात 'राव' बरं दिसत नाही. तर माझ्यावरच घसरले, "नुसतं थांबा तर पोलीसबी म्हनतो. कोन थांबतंय? राव म्हनलं की मानूस मागं वळून बघतो." हेच त्यांनी सायलीकडून त्या सज्जनाला कळवलं. दोघांची बरीच लिखापढी झाली आणि शेवटी तो हरला. 'राव' परत आलं. आज जगाच्या पाठीवर ते पाकीट मराठीत वापरणारा माणूस पैसे पाठवायला निघाला की शिनोलीचा एक हॉटेलवाला त्याला हटकतो.

गेल्या श्रावणात सायलीला त्या शाळेत प्रवेश मिळाला. फी भरायची मुदत जवळ आली होती आणि व्हिसाच्या कामासाठी तिला चार दिवस पुण्याला राहायचं होतं. जाताना तिने त्या बारा शब्दांचा कागद वडिलांच्या हातात दिला. "आण्णा, हे जिवापाड जपा. हरवू देऊ नका, भिजू देऊ नका." एवढंच म्हणाली. पुढचं सांगायला हवं असं तिच्या मनातही आलं नाही.

श्रावणातल्या त्या रविवारी भीमाशंकरची गर्दी म्हणून मी आणि बायको हॉटेलात हाताला हात द्यायला सकाळीच पोचलो होतो. चुलीपाशी बिनकांद्याची परात वेगळी मांडलेली, रस्त्यावर गाड्यांची रांग, आणि भिंतीवर मसाल्याच्या कृतीखाली लाल रंगात ताजी अक्षरं. दरवर्षी श्रावणाआधी पेंटर येऊन भिंत उजळून जातो, म्हणून मला नवल वाटलं नाही. लेमन, लॅडर, टायगर, गार्लिक, अंब्रेला असं काहीबाही खाली खाली लिहिलेलं होतं. शहरी गिऱ्हाइकासाठी काही नवा पदार्थ काढला असेल असं मी समजलो. एक बाई ताईंना विचारतही होत्या की लिंबू आणि लसूण कळलं, पण यात वाघ कधी घालायचा? लोक नेहमीसारखे मोबाइल काढून भिंतीचे फोटो घेत होते. ती कृती घरी न्यायची पद्धतच पडलेली होती.

तेवढ्यात सायली पुण्याहून आली. रिक्षातून उतरली, भिंतीकडे बघितलं, आणि तिच्या हातातली पिशवी खाली पडली.

"आण्णा! हे काय केलंत?"

साडू अभिमानाने म्हणाले, "कागद उंदरानं खाल्ला आसता. भिंतीवरनं कोन नेतंय? आन तूच म्हनलीस की, ह्येच्यात समदं उघडं आसतं."

पोरगी पांढरीफटक पडली. तिला रडूच फुटलं. रडत रडत म्हणाली, "आण्णा, कुलूप कसं बनवलंय ते सगळ्यांनी बघायचं असतं. किल्ली नसते वाटायची! हे बारा शब्द ज्याच्याकडे, त्याचे पैसे. माझी शाळा गेली आण्णा."

साडूंना तरी उमगेना. ते माझ्याकडे बघू लागले. आणि मला एकदम माझं लग्न आठवलं. मी म्हणालो, "दाजी, फोटोचा रोल आहे हा. कॅमेरा पाहिजे तेवढा उघडून बघा. पण रोलला उजेड लागला की संपलं."

त्या क्षणी त्यांच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते मला पुन्हा बघायचं नाही. एवढ्या वर्षांत साडूंना गोंधळलेलं मी पाहिलं नव्हतं. ते वळले, चुलीवरून उतरवलेलं बेसनाचं गरम पीठ त्यांनी दोन्ही हातांनी उचललं आणि भिंतीवर थापायला सुरुवात केली. हात भाजत होते. गिऱ्हाइकं आ वासून बघत होती. "वड्या मिळायच्या न्हाईत आज! पुढं जावा, समोर जावा, तीच आमटी हाय!" असं ओरडत साडू थापत होते. लेमन गेलं, टायगर गेला, पाठोपाठ गार्लिक गेलं. ताई दुसरी परात घेऊन धावल्या.

पण फोटो तर कितीतरी जणांच्या मोबाइलमध्ये गेलेले होते. त्यातल्या एकाला जरी हे शब्द कशाचे ते कळलं तरी खेळ खलास. सायलीने डोळे पुसले आणि जागेवरच त्याच ॲपमध्ये दुसरं नवं पाकीट उघडलं, त्याचे नवे शब्द लिहून मावशीच्या, म्हणजे माझ्या बायकोच्या, हातात दिले आणि म्हणाली, कोणालाही दाखवू नको, आण्णांना तर नकोच. आता जुन्यातले पैसे नव्यात हलवायचे. पण गर्दीच्या दिवशी शिनोलीत मोबाइलला रेंज कुठली? मी स्कूटर काढली. गाड्यांच्या रांगेच्या उलट्या दिशेने आम्ही घोडेगावकडे निघालो, मी हॉर्न वाजवत आणि ती मागे बसून मोबाइल आभाळाकडे धरून. गावाच्या अलीकडे एका चढावर ती ओरडली, "आली रेंज! थांबा काका."

रस्त्याच्या कडेला उभी राहून ती भराभर बटणं दाबत होती. पत्ता चिकटवला, पुढे दाबलं, आणि एकदम थांबली. पडद्याकडे बघत राहिली. मी घाबरून विचारलं, काय झालं? तिने मोबाइल माझ्यापुढे धरला. 'थांबा राव. पत्ता परत एकदा बघा. गेलेलं माघारी येत नाय.'

तिने पत्ता परत बघितला. तो तिच्या नव्या पाकिटाचा नव्हताच. घाईत तिने कुठल्याशा जुन्या निरोपातला पत्ता चिकटवला होता. तिथे पैसे गेले असते तर कोणाला ओरडून उपयोग नव्हता. तिने तो पुसला, बरोबर पत्ता घातला, पुन्हा पुन्हा ताडून बघितला आणि पाठवलं. थोड्या वेळाने पैसे नव्या पाकिटात दिसले. आम्ही दोघं रस्त्याच्या कडेला गवतात बसून वेड्यासारखे हसलो. मग ती म्हणाली, "काका, 'सत्यापित करा' असतं ना, तर मी न वाचताच पुढे गेले असते."

परत आलो तेव्हा साडू हाताला कैलासजीवन फासून भिंतीला पाठ लावून बसले होते. जेवण नाही, पाणी नाही. कोणी फोटो काढू नये म्हणून जागचे हलले नव्हते. सायलीने सगळं सांगितलं, 'राव'सकट. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाले, "त्या विदर्भाच्या पावण्याला कळव." आणि पंच्याने डोळे टिपले. मला त्या वेळी या माणसाचा फार लळा लागला. माझ्या लग्नाचे सगळे फोटो मी त्यांना मनातून माफ केले.

सायली शाळेत दाखल झाली, छान चाललं आहे तिचं. भिंतीवरचं वाळलेलं बेसन ताईंनी खरवडून काढलं, पण पिवळा डाग राहिला आणि त्यावर रंग द्यायला साडू तयार नाहीत. कोणी विचारलं तर पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं सांगतात, स्वतःचा गाढवपणा मीठमसाला लावून. समोरच्या हॉटेलवाल्यालाही सांगून आलेत, की बाबा, कृती भिंतीवर लिही, पण किल्ली लिहू नको. मी मध्यंतरी गेलो होतो, तर संध्याकाळी गर्दी ओसरल्यावर चुलीपाशी एकटेच बसले होते. मी थट्टेने म्हणालो, "काय दाजी, गेलेलं माघारी येत नाय?" तर एकदम तडकले, "ते पैशाचं लिवलंय मी. लेकीचं न्हाई." मग बराच वेळ निखारे सारत बसले.

सायली दर आठवड्याला माझ्या बायकोशी फोनवर बोलते. परवा तिला म्हणाली, "मावशी, माझा सगळा मोबाइल आता इथल्या भाषेत आहे, पण ते एक पाकीट मी मराठीतच ठेवलंय. कधी कधी लई आठवण आली की पैसे पाठवायचे नसले तरी पाठवायला घेते, 'थांबा राव' येईपर्यंत जाते, आणि मग माघारी फिरते." बायकोने हे मला त्याच रात्री सांगितलं. साडूंना हे सांगायचं नाही असं सायलीने बजावलंय, कारण ऐकलं तर ते चूल विझवतील आणि विमानाचं तिकीट विचारत फिरतील. सगळं आयुष्य झाकण उघडं ठेवणाऱ्या त्या माणसापासून एवढं एक आम्ही झाकून ठेवलं आहे. आणि सायली सुट्टीत आली की ते तीच उघडणार आहे, त्यांच्यासमोर, चुलीपाशी.